'तुला मेकअपच लागणार नाही' – हे काम करू की सोडू?

पॅथॉलॉजीवाली

पहिल्यांदाच धागा काढून राहिली, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय 37, राहणार इंदोरा, नागपूर. एका खासगी पॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधते, संध्याकाळी नाटक. चार वर्षांपासून एका हौशी ग्रुपमध्ये आहे, राज्य नाट्य स्पर्धेत सायंटिफिक सभागृहाच्या स्टेजवर दोनदा उभी राहिली. आतापर्यंतची कामं सांगते म्हणजे बाकीचं आपोआप कळेल: मोलकरीण, मोलकरीण, सुईण आणि एका एकांकिकेत विहिरीतली हडळ. हडळीचं काम मस्त होतं, त्याबद्दल तक्रार नाही.

यंदा दिग्दर्शकानं अमेरिकन लेखिका एन्तोझाकी शाँगेचं 'फॉर कलर्ड गर्ल्स' करायला घेतलंय, मराठीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सात बायका, नाव कुणालाच नाही, प्रत्येकीला एक रंग, आणि कविता म्हणत-नाचत आपापली गोष्ट सांगायची. सातही अमेरिकेतल्या काळ्या बायका. आमच्याकडे मी सोडून सहा जणी गव्हाळ ते गोऱ्या. वाचनाच्या पहिल्याच दिवशी रंगभूषेचे दादा डबा घेऊन हजर. गडद पॅनकेकच्या, म्हणजे नाटकाच्या मेकअपच्या, छटा एकेकीच्या मनगटावर लावून पाहत होते. माझ्यापाशी आले, पाहिलं, हसले आणि डब्याचं झाकण लावलं. "तुला मेकअपच लागणार नाही." सगळे हसले. मीही हसले. इतक्या वर्षांची सवय आहे, हसू आपोआप येतं.

पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. तालमीत सांगितलं की प्रत्येकीनं स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग आणा. मी 2012 मधला आणला. मला पाहायला आले होते. आईनं आठ दिवस आधीपासून बेसन, हळद, साय सुरू केली होती. मुलाच्या मामीनं आतल्या खोलीत येऊन पाणी मागितलं. मी ग्लास पुढे केला तर तिनं ग्लास घ्यायच्या आधी माझ्या ब्लाउजची बाही दोन बोटांनी वर सारली आणि आतला रंग पाहिला. चेहरा उन्हानं रापलेला असेल, आतला तो खरा, असा हिशोब. बोलली काहीच नाही. बाही खाली केली आणि वरून हात फिरवून नीट सारखी पण केली. नकार आला ते मी केव्हाच विसरले. ते सारखी करणं जात नाही.

तर हा प्रसंग उभा करताना बाहीपर्यंत आले आणि हात थरथरायला लागले. दिवसभर लोकांच्या शिरेत सुई घालणारे हात आहेत हे. तालीम संपली तरी अॅक्टिव्हाची चावी भोकात जाईना, एका मैत्रिणीनं घरी सोडलं. दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या रात्री मात्र अशी झोपली की नवऱ्यानं श्वास चालू आहे का ते पाहिलं म्हणे.

दिग्दर्शक खुश. "हेच पाहिजे, प्रत्येक प्रयोगाला हेच पाहिजे."

म्हणजे हे मोकळं होणं आहे का खपली काढणं? दर प्रयोगाला काढायची का? आणि त्या पॅनकेकचं काय करू? मी काही म्हटलं तर "हिला स्वतःला लावायचा नाही म्हणून जळते" असं होईल.

का_बे_नागपूर

नाटक म्हणजे नाटक. बरं व्हायचं असेल तर डॉक्टर आहेत न. अन् आपल्या इथले विषय संपले का, तर अमेरिकेचं दुखणं आणून राहिले? मेकअप लागत नाही म्हणजे अर्धा तास वाचला, तेवढ्यात तर्री पोहा खाऊन ये.

बुचाची_काजळी

माझं हे नाव योगायोगानं आज उपयोगी पडतंय, म्हणून पॅनकेकपासूनच सुरुवात करते.

अमेरिकेत 1830 च्या दशकापासून गोरे नट बूच जाळून त्याची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे आणि काळ्या माणसांची टर उडवायचे. शंभर वर्षांच्या आसपास हा धंदा जोरात चालला. काळ्या माणसाचा चेहरा म्हणजे दुसऱ्यानं लावायचं सोंग, ही गोष्ट तिथं अशी ठसली. त्यामुळे तुमच्या सहा मैत्रिणी पॅनकेक लावून उभ्या राहिल्या तर त्या शाँगेच्या बाजूला उभ्या राहत नाहीत, नेमक्या तिच्यासमोर उभ्या राहतात. दिग्दर्शकांचा हेतू वाईट नसेल, मान्य. पण हे माहीत नसताना हे नाटक हातात घेणं म्हणजे अभ्यास कच्चा.

शाँगेनं हे 1974 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये चार मैत्रिणींना घेऊन सुरू केलं. तिथून ते वाढत 1976 मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, ब्रॉडवेवर पोचलं. तिच्या आधी ब्रॉडवेवर एकाच काळ्या स्त्रीचं नाटक लागलं होतं, लोरेन हॅन्सबेरीचं, 1959 मध्ये. आणि शाँगे स्वतः त्यात केशरी बाई म्हणून उभी राहायची. लिहिणारी तीच, बोलणारीही तीच. बरं वाटण्याचा जो काही भाग आहे तो मला इथं दिसतो.

आता याच्या शेजारी हॅटी मॅकडॅनियल ही काळी अमेरिकन नटी ठेवा. आईबाप गुलामगिरीत जन्मलेले. आयुष्यभर पडद्यावर मोलकरीण. 1940 मध्ये तिला ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी पहिली काळी व्यक्ती. त्या रात्री हॉटेलात तिचं टेबल बाकीच्या कलाकारांपासून वेगळं, भिंतीकडेला लावलं होतं. काम उत्तम होतं, दाद मिळाली, बक्षीसही मिळालं, पण टेबल भिंतीकडेलाच. तुमची "मोलकरीण, मोलकरीण, सुईण" ही यादी वाचून मला तीच आठवली.

व्हायोला डेव्हिस या काळ्या अमेरिकन अभिनेत्रीचंही सांगायला हवं. 2014 मधली तिची वकिलाची मालिका. एका भागात ती आरशासमोर बसते, विग काढते, पापण्या काढते, मेकअप पुसते, आणि मग नवऱ्याला जाब विचारायला वळते. हा प्रसंग हवाच हा आग्रह तिचा स्वतःचा होता. पुढच्या वर्षी तिला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला, ड्रामा मालिकेतल्या मुख्य भूमिकेसाठी तो मिळवणारी ती पहिली काळी अभिनेत्री. लहानपणीच्या गरिबीबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल तिनं 2022 मध्ये लिहिलंय. ते आधी नाही, पायाखाली जमीन आल्यावर लिहिलं, हेही लक्षात घ्या.

@का_बे_नागपूर, डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंताला पत्र लिहून तिकडच्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. 1972 मध्ये आपल्या पोरांनी 'दलित पँथर'मधलं पँथर हे नाव कुठून घेतलं? तिकडच्या ब्लॅक पँथरकडूनच. हे दुखणं इकडे येऊन जुनं झालंय. मात्र पॅथॉलॉजीवालीताई, दोन्ही दुखणी एक नाहीत. त्यांच्या मागे गुलामांचं जहाज आहे, आपल्या मागे विहीर आहे. तुमच्या बाहीची गोष्ट तुमच्याच नावानं सांगा, शाँगेच्या मजकुरात घुसवू नका. तसंही तिच्या नाटकाला परवानगी घ्यावी लागते, आणि मराठी संहिता नाटकं तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. हे कुणी केलंय का, विचारून पाहा. बहुतेक ग्रुप इथंच गप्प होतात.

वडसा_मेल

पोरी, तुह्या पोस्टवर पहिल्यांदा मी रडली अन् मग हडळीवर हसली.

मी झाडीपट्टीतली, पूर्व विदर्भातल्या नाटक कंपनीतली. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज वेगळं गाव. रात्री उशिरा पडदा उघडते, उजाडल्यावर पडते. गाडीत झोप, गाडीतच केस विंचरणं. रोज रडायचं काम असलं तर कसं करायचं, हे मले कोणी शिकवलं नाही, पण शिकली.

नवरा गेला त्या सीझनले माह्याकडे विधवेचंच काम होतं. कंपनीवाले म्हणे बदलून देतो, मी म्हटलं नको. पहिल्या तीन नाटकांत खरं रडली. पब्लिक चूप, एकदम चूप. तिसऱ्या रात्री दुसऱ्या अंकाले उभीच राहू शकली नाही, प्रॉम्प्टर आतून वाक्य देऊन राहिला अन् मले ऐकूच येत नाही. ऑर्गनवाला काका हुशार, त्यानं पदाची सुरावट तीनदा वाजवली तेव्हा भानावर आली. अंक पडल्यावर तो काका म्हणे, "बाई, लोकायले रडवायचं आहे, तुले नाही."

तेव्हापासून मी एक करते. त्या कामाची एक वस्तू ठरवते. त्या विधवेची होती एक पितळी लोटी. स्टेजवर लोटी हातात घेतली की मी ती. आत येऊन पेटीवर उलटी ठेवली की मी मी. मग खोबरेल तेलानं तोंड पुसते, कानामागं, मानेखालीसुद्धा. तेलाचा बोळा काळा-लाल होते तो मी स्वतः पाहते. पूर्ण पुसल्याशिवाय घरी फोन नाही करत. येडेपणा वाटन, पण पंचवीस सीझन निघाले.

अन् एक सांगू? त्या बाहीच्या सीनमध्ये तू पोरगी काहून होते? ती तर तू एकदा होऊन बसली. तू मामी हो. दुसऱ्या कोणाले पोरगी कर, गोरी असन तर आणखीच चांगलं. अन् पाहा तिच्या बाहीत काय दिसते ते.

रोज खरं रडा म्हणणाऱ्या दिग्दर्शकाले सांग, रोजचं खरं रडू पाहिजे तर रोजचे खरे पैसे दे.

का_बे_नागपूर

शेवटचं वाक्य एक नंबर, काकू. बाकी मी गंमत करत होतो, पॅथॉलॉजीवालीताई राग मानू नका. मेकअपवालं वाक्य दोनदा वाचल्यावर मलाही बरोबर वाटलं नाही.

दोन_पावलं_मागे

समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडक्यात. काकूंनी लोटीचं जे सांगितलं ते आम्हाला वर्गात शिकवतात. भूमिकेतून उतरायची ठरलेली खूण लागते: वस्तू खाली ठेवणं, हातपाय झटकणं, स्वतःचं नाव मोठ्यानं घेणं. आणि भूमिका बदलून पाहण्याची युक्ती मोरेनो नावाचे डॉक्टर गेल्या शतकात व्हिएन्नाहून अमेरिकेत घेऊन गेले. झाडीपट्टीत ती कुणी नेली, विचारू नये.

सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात ऱ्होडेसा जोन्स या काळ्या अभिनेत्रीनं 1989 पासून कैदी बायकांबरोबर नाटकं केली. बायका आपल्याच आयुष्यातलं लिहितात, पण ते मीडिया नावाच्या बाईच्या गोष्टीसारख्या जुन्या ग्रीक गोष्टींत गुंफून उभं करतात. गोष्ट आपली, पण अंगावर कपडे दुसऱ्या कुणाचे. तेवढ्या अंतरानं श्वास घ्यायला जागा मिळते. तुमच्या त्या तालमीत हे अंतर नव्हतं आणि उतरवायलाही कुणी नव्हतं, म्हणून चावी भोकात गेली नाही. तिसऱ्या रात्रीची झोप चांगली खूण आहे. पण थरथर पुन्हा आली आणि टिकली तर मात्र माणूस गाठा, नाटकाच्या भरवशावर राहू नका.

पॅथॉलॉजीवाली

तीन आठवड्यांनी येतेय, उशीर झाला.

पॅनकेकचं बोलले. एकटीनं नाही, आधी दोघींना बुचाच्या काजळीची गोष्ट सांगितली. त्यातली एक म्हणाली, "मला तर वाटलं, छान दिसेल." दिग्दर्शक अर्धा तास "प्रेक्षकांना कळणार कसं" यावर बोलले. परवानगीचं विचारल्यावर मात्र चहा मागवला. शाँगेचं नाटक सध्या बाजूला आहे. सात बायका आणि सात रंग हा साचाही नको, आपलं काहीतरी करू, इथवर आलेत. पुढच्या आठवड्यात मन बदललं तर मला नवल वाटणार नाही. रंगभूषेचे दादा माझ्याशी जरा जपून बोलतात आता, तेही अवघडच आहे.

काकू, मी मामी झाले. पोरगी झाली आमच्यातली सगळ्यात गोरी, धरमपेठेतली, बँकेत आहे. वस्तू ठरवली पाण्याचा स्टीलचा ग्लास. पहिल्यांदा करताना मला वाटलं होतं मामीचा राग येईल. पण ग्लास पुढे आला, माझी दोन बोटं तिच्या बाहीखाली गेली आणि मला कळलं की त्या बाईचा हात सराईत होता. थांबला नाही, चाचपडला नाही. म्हणजे तिनं हे आधी कितीदा केलं असेल, आणि तिच्या बाहीशी कुणी केलं असेल. बाही वर सारली तर पोरीच्या दंडावर लसीचा जुना वण, माझ्या दंडावर आहे तसाच. मी तो पाहत राहिले आणि पुढचं वाक्यच विसरले. ती कुजबुजली, "अगं, सारखी कर न." मी केली नाही. बाही तशीच वर ठेवून ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं.

दिग्दर्शक म्हणाले हे ठेवू. मी म्हटलं ठेवू, पण रडायचं प्रॉमिस नाही.

त्या रात्री अॅक्टिव्हा स्वतः चालवत आले. कामठी रोडला पेट्रोल संपलं, ते वेगळं. ग्लास डिकीत राहिलाय, उद्या तालमीला न्यायचा आहे.

वडसा_मेल

ग्लास घरी नको ठेवू, तिथंच ठेव. अन् प्रयोगाची तारीख टाक, मी येते. होळीनंतरची असन तर.