लॅनिंग यांचा खरा चुकलेला डाव

ऑरेगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे प्रशिक्षक डॅन लॅनिंग यांनी वॉशिंग्टनविरुद्ध शेवटी पंट (चेंडू लाथेने दूर प्रतिस्पर्ध्याकडे धाडणे) करायलाच हवे होते, हे मत मला पटत नाही. 14 ऑक्टोबर 2023 च्या त्या सामन्यात 33-29 अशी आघाडी, जेमतेम दोन मिनिटे शिल्लक, चौथा डाउन (म्हणजे चेंडू राखण्याची शेवटची संधी) आणि हवे होते फक्त तीन यार्ड. ते मिळाले असते तर सामना जवळपास तिथेच संपत होता, आणि वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) पेनिक्स याच्या हाती चेंडू देण्याची भीती तर पंट करूनही टळत नव्हती. तो डाव फसला आणि पेनिक्सने दोन खेळींत 53 यार्ड कापून टचडाउन मिळवला, हे मान्य. मला सलतो तो मध्यंतराच्या तोंडावरचा निर्णय. एरवी गोलरेषेजवळ डाव फसला तरी प्रतिस्पर्धी कोपऱ्यात अडकतो, पण घड्याळ संपत आलेले असताना तो फायदा उरतच नाही; तिथे टचडाउनसाठी तीन गुणांचा सोपा फील्ड गोल (चेंडू लाथेने खांबांमधून मारणे) सोडला आणि पुढे सामना नेमका तीन गुणांनीच, 36-33 असा गेला.

पुढे 2024 मध्ये ऑरेगनचा क्वार्टरबॅक बो निक्सच्या जागी डिलन गॅब्रिएल आला आणि संघ बिग टेन या विद्यापीठ संघांच्या गटात गेला. त्या वर्षी 12 ऑक्टोबरला ओहायो स्टेटचा संघ ऑरेगनच्या घरी, युजीनमध्ये आला, तेव्हाही लॅनिंग यांनी मैदानाच्या मध्यावर धाडस करावे, असेच मला मनापासून वाटत होते.