कोकणात 12 गुंठ्यांत घर बांधायचं आहे: गावठाण, बिनशेती, शेतघर, नेमकं काय लागू होतं?

सागवेल, 12 ऑगस्ट 2024

रत्नागिरी जिल्ह्यात वडिलोपार्जित 12 गुंठे जागा आहे. सातबारावर जिरायत, वर्ग 1, चार सहहिस्सेदारांची नावं. वाडीतल्या शेवटच्या घरापासून अंतर साधारण 150 मीटर. जागा उताराची, त्यात दोन आंबे आणि एक फणस. तिथे 1400 चौरस फुटांचं, चिऱ्याचं कौलारू घर बांधायचं आहे. एक जण म्हणतो, 3200 फुटांपर्यंत आता ग्रामपंचायतच परवानगी देते. दुसरा म्हणतो, शेतघर दाखवा, बिनशेती (शेतीखेरीज वापराची परवानगी) कशाला करता? सुरुवात कुठून करावी?

जोतं, 12 ऑगस्ट 2024

दोन्ही सल्ले तुमच्या जागेला लागू पडत नाहीत.

3200 चौरस फूट ही मर्यादा भूखंडाची आहे, बांधकामाची नाही. राज्य सरकारच्या 2021 च्या निर्णयाप्रमाणे सुमारे 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर मालकीची कागदपत्रं, आराखडा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, आणि 150 ते 300 चौरस मीटरला ग्रामपंचायत शुल्क घेऊन प्रारंभ प्रमाणपत्र देते. 12 गुंठे म्हणजे 1214 चौरस मीटर. घर लहान असलं तरी भूखंड त्या मर्यादेच्या चौपट आहे.

शेतघराचंही तसंच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 41 ची सवलत 0.4 हेक्टरपासून, म्हणजे साधारण 40 गुंठ्यांपासून पुढे मिळते, आणि 0.6 हेक्टरपर्यंत जोत्याचं क्षेत्र 150 चौरस मीटरच्या वर जाता येत नाही. 12 गुंठ्यांत शेतघर बसतच नाही. शेड म्हणून बांधून नंतर राहायला जायचं, हा मार्ग तर मुळीच धरू नका. अकृषिक वापराचा दंड लागतो आणि बँक अशा घराला कर्ज देत नाही.

आता 150 मीटरबद्दल. अंतर वाडीपासून नाही, गावठाणाच्या (महसूल नोंदीतल्या गाववस्तीच्या जागेच्या) हद्दीपासून धरतात. 2024 च्या नियमांत, त्याच संहितेच्या कलम 42-ड नुसार गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असलेल्या जमिनीला वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. तहसीलदारांकडे अर्ज करायचा, रूपांतरण कर आणि अकृषिक आकारणी भरायची, की सनद मिळते. म्हणून पहिला अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा करा. मोजणीच्या नकाशावर ('क' प्रत) चारही हद्दी आणि वहिवाटीतला फरक दिसतो. त्याआधी घराचा नकाशा काढून घेतलात तर पुन्हा पैसे जातील.

सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. कुळकायद्याचा शेरा, बोजा, वारसनोंद राहिलेली असेल तर प्रकरण तिथेच अडतं. चौघांची नोंदणीकृत संमती घ्या. वाटणी करून तीन-तीन गुंठे पाडायला जाऊ नका, जिरायतीचं प्रमाणभूत (किमान) क्षेत्र 20 गुंठे आहे आणि त्याहून लहान तुकडे पाडायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

सागवेल, 13 ऑगस्ट 2024

तलाठी म्हणतात, आमच्या गावाला नोंदलेलं गावठाणच नाही. सगळ्या वाड्या गट नंबरांत आहेत.

जोतं, 13 ऑगस्ट 2024

कोकणात अशी गावं पुष्कळ आहेत. मग 42-ड चा आधार गावठाणावरून मिळणार नाही. नगररचना शाखेतून प्रादेशिक योजनेचा झोन दाखला काढा. झोन शेतीचा निघाला तर 2024 च्या नियमांत कलम 44 खाली बिनशेतीचा अर्ज करावा लागतो. त्याची पोच जपून ठेवा, निर्णयाची 90 दिवसांची मुदत त्या तारखेपासून मोजतात.

रस्त्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. बांधावरून मिळालेली वहिवाटीची वाट शेतीपुरती असते. घराच्या मंजुरीला जागेपर्यंतचा रस्ता नकाशावर किंवा नोंदणीकृत दस्तात दाखवावा लागतो. शेजाऱ्याची तोंडी हमी कागदावर चालत नाही.

आंबा आणि फणस दोन्ही 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगीशिवाय हात लावू नका. खरं तर घरच थोडं सरकवा, आंब्याची सावली परत मिळत नाही.

पागोळी, 14 ऑगस्ट 2024

वर कागदांचं आलंच आहे, म्हणून मी फक्त घराबद्दल लिहितो.

उताराची जागा सपाट करायला जेसीबी लावू नका. जांभ्याच्या कवचाखाली बऱ्याच ठिकाणी मऊ पांढरट माती लागते. कवच कापलं की पावसात ती सरकते आणि मागची दरड घराकडे येते. जोतं दोन पातळ्यांवर घ्या, मधे तीन-चार पायऱ्या येतील. वरच्या बाजूला पाणी वळवणारा चर खणा आणि कापलेल्या दरडीपासून भिंत किमान दहा फूट लांब ठेवा.

चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून कडक होतो. दोन महिने आधी आणून रचून ठेवा. उभ्या सांध्यात मालाची कंजुषी झाली की जुलैत भिंतीच्या आत ओल येते, आणि गिलावा केला तरी ती थांबत नाही. जोत्याला आणि दारं-खिडक्यांवरच्या लिंटेलला सलग आरसीसी पट्टा घाला. वजन पेलणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीला भूकंपात तोच धरतो.

मंगलोरी कौलाला उतार 30 अंशांच्या आसपास असू द्या. खर्च वाचवायला 20 अंशांवर आणला की वाऱ्याबरोबर पाणी कौलाखालून वर सरकतं. पागोळी भिंतीपासून तीन फूट बाहेर पडली पाहिजे. पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या अंगाला पडवी घ्या, मोठ्या खिडक्या नकोत.

सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर, आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूला. जांभ्यातून पाणी सहज झिरपतं, म्हणून इथे अंतर आणखी वाढवता आलं तर वाढवा. शेजाऱ्याची विहीरही मोजा. ते अंतर मोजणीच्या नकाशात नसतं, स्वतः टेप धरावी लागते.

जोतं, 14 ऑगस्ट 2024

एक राहिलं. जोतं पूर्ण झालं की तपासणीचं प्रमाणपत्र घ्या, मगच भिंती उचला. जोतं मंजूर नकाशापेक्षा दोन फूट सरकलं तरी दुरुस्त नकाशा मागतात. तो फरक चिरा चढल्यावर सापडला तर भोगवटा प्रमाणपत्र (घर वापरायची परवानगी) अडकतं. मंजुरी मिळाल्यापासून वर्षाच्या आत काम सुरू करा, नाहीतर मुदतवाढीचा अर्ज करावा लागेल.