भाडेकरूने बर्फ खरवडताना फ्रीजला भोक पाडलं, डिपॉझिटमधून किती कापू?

धागाकर्ता:
फ्लॅट फ्रीज, वॉशिंग मशीनसकट भाड्याने दिलाय. परवा भाडेकरूंचा फोन आला, "फ्रीज थंड करत नाही." मेकॅनिकला घेऊन गेलो. सिंगल डोअर, ६ वर्षं जुना. फ्रीजर रिकामा करून त्याने टॉर्च मारला, तर आतल्या पत्र्यावर चार-पाच ओरखडे आणि एका ओरखड्याच्या टोकाला बारीक भोक. भोवती तेलकट डाग. म्हणाला, सुरीने बर्फ काढलाय, गॅस गेला.
भाडेकरू म्हणतात, "जुनाच होता, कधीतरी बंद पडणारच." माणसं तशी चांगली, भाडं वेळेवर देतात. घरच्यांचं म्हणणं, नव्या फ्रीजची पूर्ण किंमत कापा. काय करू?

किल्लीवाला:
पूर्ण किंमत नका कापू. ६ वर्षं वापरलेल्या फ्रीजच्या बदल्यात कोरा फ्रीज वसूल करणं बरोबर नाही. तो १२ वर्षं चालला असता असं धरलं, तर निम्मं आयुष्य सरलंय. बदलावाच लागला तरी निम्म्याहून जास्त मागू नका. पण आधी दुरुस्ती होते का बघा. भोक बुजवून, व्हॅक्यूम करून गॅस भरतात. ते परवडणारं असेल तर फक्त तेवढंच बिल त्यांचं.

रिकामटेकडा:
+१. आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढा! भोक एकदा बुजलं की पुरावाही बुजला. मेकॅनिककडून "गॅस भरला" एवढंच लिहून आणू नका, गळती कुठून आणि कशामुळे तेही लिहून घ्या. जुन्या जॉइंटमधून गॅस झिरपला असता तर ती झीज, तो खर्च मालकाचा. टोकदार भोकाची गोष्ट वेगळी.

भाडोत्री:
मी पलीकडच्या बाजूचा, म्हणून विचारतो. इतका बर्फ साठलाच का? दाराचं रबर सैल असलं की बाहेरची दमट हवा आत जाते आणि बर्फाचा डोंगर होतो. दारात कागद अडकवून बंद करा. सहज ओढता आला तर रबर गेलंय.

धागाकर्ता:
आज जाऊन कागद लावून पाहिला. वरून घट्ट आहे. खालून अलगद निघून आला. 😐

भाडोत्री:
मग बिल निम्मं-निम्मं करा.

किल्लीवाला:
असहमत. बर्फ साठला म्हणून सुरी घालायची मुभा मिळत नाही. डिफ्रॉस्टचं बटण आहे, नाहीतर फ्रीज रात्रभर बंद ठेवून दार उघडं ठेवायचं. रबर तुमचं, भोक त्यांचं. (माझ्याकडे एकाने मायक्रोवेव्हमध्ये स्टीलची वाटी ठेवली होती. ठिणग्यांनी आतला अभ्रकाचा तुकडा जळला. तो बदलला, मशीन अजून चालतंय. भाडेकरू नवंच घेऊन द्यायला निघाले होते, मीच थांबवलं.)

धागाकर्ता:
भाडेकरूंशी बोललो. रबराचा विषय मीच आधी काढला, त्यावर तेही नरमले. सुरी घातल्याचं कबूल केलं. रबर मी बदलतोय, भोक आणि गॅसचं बिल ते थेट मेकॅनिकला देणार. डिपॉझिटला हात लावायची वेळ आली नाही.

रिकामटेकडा:
झकास. आता करार नूतनीकरणाला प्रत्येक उपकरणाचा सिरियल नंबर, स्थिती आणि चालू असतानाचा व्हिडिओ जोडा. वॉशिंग मशीनचा व्हिडिओ ड्रम फिरताना, आवाजासकट घ्या. बेअरिंगची घरघर फोटोत ऐकू येत नाही.