पेन्टियम जी४५६० की ॲथलॉन २००जीई? सेकंडहँड सेट घ्यायचाय, हजार रुपयांचा फरक आहे

नवासेट:
घरासाठी जुना कॉम्प्युटर सेट (प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम) घेतोय. दोन पर्याय आहेत.

पहिला: इंटेलचा पेन्टियम जी४५६०, एच११० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक. ३,५०० रुपये.
दुसरा: एएमडीचा ॲथलॉन २००जीई, ए३२० बोर्ड, ४+४ जीबी. ४,५०० रुपये.

कॅबिनेट, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि २४० जीबीची साटा एसएसडी आहे. वापर म्हणजे एमएस-सीआयटीचा सराव, इनस्क्रिप्टवर मराठी टायपिंग, यूट्यूब आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचं पायथन. हलके गेम चालले तर चांगलंच. ग्राफिक्स कार्ड आत्ता नको, वर्षभराने कदाचित घेऊ. हजार रुपये जास्त द्यावेत का?

चिपकट्टा:
नुसता प्रोसेसर पाहिला तर फरक एकोणीस-वीसचा आहे. दोन्ही २ कोअर, ४ थ्रेडचे, आणि टर्बो (गरजेला वेग आपोआप वाढणं) दोघांनाही नाही. जी४५६० जानेवारी २०१७ चा: ३.५ गिगाहर्ट्झ, ३ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली छोटी वेगवान मेमरी), ५४ वॅट. २००जीई सप्टेंबर २०१८ चा: ३.२ गिगाहर्ट्झ, ४ एमबी एल३, ३५ वॅट. बाजारात आले तेव्हा पेन्टियमची किंमत ६४ डॉलर होती, ॲथलॉनची ५५. घड्याळाचा वेग जास्त असल्याने वर्ड, एक्सेल, ब्राउझर यांत पेन्टियम किंचित पुढे राहतो, पण ते बेंचमार्कमध्येच दिसतं. टायपिंग करताना कुणालाही कळणार नाही.

तुमच्या वापरात फरक पडेल तो दोन गोष्टींनी.

एक म्हणजे प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स. पेन्टियममध्ये एचडी ६१० आहे, ॲथलॉनमध्ये व्हेगा ३. कार्ड न लावता जुने, हलके गेम ७२० पिक्सेलवर खेळायचे असतील तर व्हेगा ३ स्पष्टपणे सरस आहे. मात्र त्याला स्वतःची मेमरी नसते, रॅममधूनच काम चालतं, म्हणून दोन स्टिक हव्यातच. डीडीआर४-२६६७ ची एक स्टिक सेकंदाला साधारण २१ जीबी डेटा देते, दोन मिळून ४२ च्या वर. एकाच स्टिकवर व्हेगा चालवणं म्हणजे त्याचा अर्धा रस्ता बंद करणं. तुमच्या दुसऱ्या सेटमध्ये ४+४ आहे, ही त्या हजार रुपयांतली सर्वांत मोलाची गोष्ट.

बायोसमध्ये (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) यूएमए फ्रेम बफर नावाची सेटिंग असते, ग्राफिक्ससाठी किती रॅम राखायची ते ती ठरवते. ती २ जीबीवर ठेवली तर विंडोजला ६ जीबीच उरते. ८ जीबीच्या मशीनवर ती ५१२ एमबी किंवा १ जीबीच ठेवा. कमी पडली तर ग्राफिक्स ड्रायव्हर उरलेल्या रॅममधून मागून घेतो.

दुसरी गोष्ट पायथनशी संबंधित आहे आणि ती फार जण विसरतात. जी४५६० मध्ये एव्हीएक्स नाही. एका फटक्यात अनेक आकड्यांवर गणित करणाऱ्या सूचनांचा हा संच. इंटेलने त्या पिढीच्या आय३ मध्ये तो दिला आणि पेन्टियममध्ये बंद ठेवला. पहिल्या वर्षाच्या पायथनला काही अडचण नाही, नमपाय आणि पांडाज ही आकडेमोडीची पॅकेजेस चालतात. पण मशीन लर्निंगच्या टेन्सरफ्लोची तयार पॅकेजेस १.६ आवृत्तीपासून एव्हीएक्स गृहीत धरून बनतात. पेन्टियमवर ती इन्स्टॉल नीट होतात आणि इम्पोर्ट करताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणत प्रोग्राम पडतो. विद्यार्थी पायथन पुन्हा पुन्हा टाकत बसतो आणि दोष प्रोसेसरमध्ये असतो. मोंगोडीबी या डेटाबेसचं ५.० पासून पुढेही तेच. २००जीई मध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ दोन्ही आहेत.

यूट्यूबसाठी दोघे समान. व्हीपी९ आणि १० बिट एचईव्हीसी हे कोडेक (व्हिडिओ लहान करून साठवायच्या पद्धती) दोघांचं हार्डवेअर उलगडतं, एव्ही१ कुणाचंच नाही. व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेकपुढे एव्ही०१ दिसत असेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतोय. एच२६४ सक्तीने लावणारं एक्स्टेन्शन टाकलं की १०८० पिक्सेलचा व्हिडिओ निवांत चालतो.

माझं मत: दुसरा सेट घ्या.

बोर्डवाले:
चिपकट्टा यांच्याशी बहुतांशी सहमत, पण 'वर्षभराने कार्ड' हा मुद्दा त्यांनी सोडला, आणि तिथे पारडं फिरतं. पेन्टियमला कार्डासाठी पीसीआयई ३.० च्या पूर्ण १६ लेन (कार्डाकडे डेटा नेणाऱ्या वाटा) आहेत. २००जीई वर त्या स्लॉटला तेवढ्या लेन मिळत नाहीत. किती मिळतात ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये ॲथलॉनच्या ओळीत पाहा, रायझनच्या नाही. जीटीएक्स १०५० टीआयसारख्या ७५ वॅटच्या कार्डाला त्याने फार फरक पडत नाही. आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी मात्र दोन्ही सेटवर टाळा. ती कार्डं मुळात ४ लेनचीच आहेत आणि पीसीआयई ४.० धरून बनवलेली, ३.० वर त्यांचा रस्ता निम्मा होतो.

खरं तर कार्डाआधी प्रोसेसर बदलावा लागेल, कारण २ कोअरवर आजचे गेम अडखळतातच. म्हणून बोर्ड पुढे कुठवर नेतो ते बघा. एच११० वर आय५-६५००, आय५-७५००, फार तर आय७-७७००. आठव्या पिढीचा आय३-८१०० त्याच सॉकेटमध्ये बसतो, पण चालू होत नाही. सॉकेटचं एलजीए११५१ हे नाव एवढंच पाहून घेणारे इथे हमखास फसतात. आय५-६५०० टाकला की ४ खरे कोअर मिळतात आणि एव्हीएक्स२ चा प्रश्नही सुटतो.

ए३२० ची वाट जास्त लांब आहे. एएमडीने २०२२ मध्ये ३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० ला परवानगी दिली. तरी त्या बोर्डाच्या कंपनीने तसा बायोस काढलाय का ते मॉडेल आणि रिव्हिजन नंबर टाकून तपासा. बऱ्याच स्वस्त ए३२० बोर्डांवर व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग) हीटसिंक नसतो, तिथे ६५ वॅटच्या वरचा प्रोसेसर लावू नका.

बायोस ॲथलॉन जागेवर असतानाच अपडेट करायचा, नवा प्रोसेसर बसवल्यावर नाही. काही बोर्डांची बायोस चिप १६ एमबीची असल्याने नव्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकलेला असतो. तसं असेल तर नवा प्रोसेसर हातात आल्याशिवाय बायोस फ्लॅश (अपडेट) करू नका, नाहीतर ॲथलॉनवर डिस्प्लेच येणार नाही.

नवासेट:
दोघांचेही आभार. विंडोज ११ चं काय? आणि प्रत्यक्ष घेताना काय तपासू?

बोर्डवाले:
विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोन्ही नाहीत. ॲथलॉन ३०००जी यादीत आहे, त्यामुळे ए३२० वर तो मिळाला तर तोच घ्या. ३.५ गिगाहर्ट्झ आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सरावापुरतं मशीन असेल तर लिनक्स मिंट टाका. इनस्क्रिप्ट त्यात आहेच, पायथनही आधीच असतं. एमएस-सीआयटीच्या सरावाला एमएस ऑफिस लागेल, तेवढ्यासाठी विंडोज ठेवावं लागेल.

चिपकट्टा:
तपासणी. बोर्डावर रॅम डीडीआर४ आहे ना ते आधी विचारा. एच११० चे काही बोर्ड डीडीआर३ घेतात आणि जाहिरातीत नुसतं '८ जीबी' लिहिलेलं असतं. एच११० चा बोर्ड सहाव्या पिढीच्या काळातला असेल तर जुन्या बायोसवर जी४५६० उठतच नाही, म्हणून जोडलेला, चालू सेटच पाहा.

पेन्टियमच्या पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. प्रोसेसर काढायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरा. ओळीतली एखादी पिन वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे. मशीन तरीही चालू होऊ शकतं, पण रॅमचा एक स्लॉट मेलेला असतो. म्हणून दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने स्टिक लावून सुरू करा.

ॲथलॉनचं उलट आहे, पिना प्रोसेसरला आहेत. तिथे कूलर काढताना घात होतो. थर्मल पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, कूलर सरळ वर ओढला की लॉक बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी मशीन १०-१५ मिनिटं चालवून गरम करा, बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा फिरवून सैल करा आणि मगच उचला. नवी पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध.

बायोसमध्ये रॅम ड्युअल चॅनेल (दोन्ही स्टिक एकत्र चालणं) दिसते का पाहा. तारीख-वेळ पुसलेली असेल तर सीआर२०३२ सेल बदला, बोर्ड खराब समजू नका. शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचा किमान एक पूर्ण फेरा चालवा. ८ जीबीला वेळ लागतो, विक्रेत्याला आधी सांगून ठेवा. एकही एरर आली तर एकेक स्टिक वेगळी तपासा, आणि खराब निघालेल्या स्टिकचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

नवासेट:
ॲथलॉनवाल्याला बोर्डाचा फोटो मागितला. रिव्हिजन नंबर दिसतोय आणि कंपनीच्या पानावर रायझन ५००० चा बायोसही आहे. व्हीआरएमवर हीटसिंक नाही.

बोर्डवाले:
मग घ्या. पुढे रायझन ५ ५६००जी बसवलात तर वरून खाली हवा मारणारा कूलरच ठेवा, म्हणजे तीच हवा व्हीआरएमवरही पडते. उभा टॉवर कूलर त्या बोर्डावर लावू नका.