मदत हवी आहे: आलेखावरून घात ३ की ५, कसं ओळखायचं?

मुलगी अकरावीत आहे. काल (क्ष + १)(क्ष − २)² चा आलेख काढत बसलो होतो. −१ पाशी रेघ क्ष-अक्ष ओलांडते, २ पाशी मात्र नुसती टेकून परत वर. क्ष १.९ घेतला तर ०.०२९, २.१ घेतला तर ०.०३१, चिन्ह बदलतच नाही, हे तिला लगेच पटलं. मग तिने (क्ष − २) या कंसाचा घात ३ केला. रेघ २ पाशी जराशी आडवी पडून पलीकडे गेली. इथवर ठीक. पण घात ५ केला तरी आलेख कागदावर जवळजवळ तसाच दिसतोय!

नुसतं चित्र दिलं असेल तर ३ की ५ कसं ठरवायचं? बहुपदीची कोटी (क्ष चा सगळ्यात मोठा घात) सांगितल्याशिवाय जमतच नाही का? विकलन अजून शिकवलेलं नाही, त्यामुळे ते सोडून सांगा प्लीज.