ग्रीनवॉशिंगला मराठीत काय म्हणायचं?

परळची भाषांतरवाली: एका कंपनीची प्रेसनोट मराठीत करतेय. अडीच पानांत "सस्टेनेबल" चौदा वेळा, सगळीकडे "शाश्वत" टाकून मोकळी झाले, पण शेवटी "आम्ही ग्रीनवॉशिंग करत नाही" (म्हणजे नसलेला किंवा फुगवलेला पर्यावरणपूरकपणा मिरवत नाही) असं वाक्य आहे आणि तिथे गाडी अडलीये. एकाने "हरितप्रक्षालन" सुचवलं, मला फरशी पुसायच्या लिक्विडची बाटलीच आठवली.

डोंबिवली ७:४२: प्रक्षालन नको हो ताई, अर्थच उलटा होतो, ते धुऊन स्वच्छ करणं झालं. हा वॉश व्हाइटवॉशमधला, म्हणजे चुन्याची सफेदी. १९८६ मध्ये जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन माणसाने हॉटेलातल्या टॉवेलच्या चिठ्ठीवरून शब्द काढला असं सांगतात, पृथ्वी वाचवा टॉवेल परत वापरा असं पाहुण्याला सांगायचं आणि वाचायचं कोणाचं तर हॉटेलचं लाँड्रीचं बिल. "हिरवा चुना" म्हणा ना सरळ, चुना लावणे आपल्याकडे तयारच आहे.

गिरगावातली आजी: चुना लावला म्हणजे सरळ फसवलं. इथे बरेचदा वस्तू ठीक असते, दावा फुगवलेला असतो. मी "हिरवा मुलामा" म्हणेन, म्हणजे घासलं की पितळ उघडं पडणं आपोआप आलंच. दादरला घेतलेली एक पिशवी, हिरवं पान छापलेलं, "कंपोस्टेबल", म्हणून सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकली. चार महिन्यांनी खत चाळताना अख्खी बाहेर, पान सुद्धा हिरवंगार! नंतर कळलं की त्याची चाचणी साधारण ५८ अंशाला होते, मोठ्या प्लांटमध्ये. पिशवीवर ते कुठे लिहिलेलं?

डोंबिवली ७:४२: मान्य. पण फोक्सवॅगनच्या "क्लीन डिझेल"ला मुलामा म्हणाल? २०१५ मध्ये उघडकीला आलं, चाचणी चालू आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर कमी करायचं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. तो चुनाच.

गिरगावातली आजी: हो तो चुना, घट्ट कालवलेला. आणि खरं काम करणाऱ्याला काय म्हणाल, तर कल्हई. तोही लेपच, पण मुलामा दिसण्यासाठी असतो आणि कल्हई नसेल तर पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते. शिवाय ती झिजते, परत परत करून घ्यावी लागते, आमच्या वाडीत कल्हईवाला यायचा तेव्हा नवसागराचा धूर चौथ्या मजल्यापर्यंत. कंपनी दरवर्षी आपल्या धुराचे आकडे, त्याच पद्धतीने मोजून, वाढले तरी दाखवते का बघा. नुसतं ऑफिसच्या विजेचं सांगते का कच्चा माल, पुरवठादार, विकलेल्या मालाचा वापर, सगळं धरते, तेही बघा, बहुतेकांचा धूर तिथेच असतो.

कुर्ला स्लो: आकड्यांसाठी सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, बीआरएसआर बघा, कंपनीने पर्यावरण आणि समाजाबद्दल द्यायचा अहवाल, २०२२-२३ पासून वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना सक्तीचा आहे. आणि "शाश्वत" जपून हं! शाश्वत म्हणजे कधीही नाश न पावणारं, "शाश्वत प्लास्टिक पॅकेजिंग" लिहिलंत तर ते फारच खरं होईल 😄 शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राची ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ग्रीन, इको-फ्रेंडली असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत.

परळची भाषांतरवाली: "हिरवा मुलामा" घेतला. आणि प्रत्येक "शाश्वत"पुढे विचारलं, कशाच्या तुलनेत, कोणत्या वर्षापासून? चौदातले तीन उरले. आता त्यांचा माणूस विचारतोय की मग निदान फॉन्ट तरी हिरवा ठेवू का.

कुर्ला स्लो: ठेवू दे, त्या तत्त्वांत नुसत्या रंगसंगतीला सूट आहे.