चिठ्ठी संपली, डॉक्टर बाहेरगावी: मेडिकलवाल्यानं चालू गोळी द्यावी का नाही?

पाचगावकर
वडिलांना मेटोप्रोलॉल, म्हणजे बीपी-हृदयाची गोळी, कायमची चालू आहे. चिठ्ठी महिन्याची. डॉक्टर बाहेरगावी, नंबर पुढच्या आठवड्यातला, आणि गोळ्या शनिवारीच संपल्या. नेहमीच्या मेडिकलात गेलो तर "नवीन चिठ्ठी आणा". त्याच काउंटरवर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या पोराला सर्दीसाठी ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं पाकीट मिळालं, चिठ्ठी कसली नि काय कसली! मेटोप्रोलॉल एकदम तोडली की नाडी उसळते, बीपी चढतं, हृदयाच्या पेशंटच्या छातीत दुखायला लागू शकतं. मग धोका गोळी देण्यात का न देण्यात? माझं मत सरळ आहे. बीपी, शुगर, थायरॉइडची चालू गोळी जुनी चिठ्ठी बघून आठवड्यापुरती द्यायलाच पाहिजे.

काउंटरमागचा
फार्मासिस्ट आहे, कोल्हापुरात, राजारामपुरीत. ॲझिथ्रो दिलं ते चूकच, त्याची बाजू घेत नाही. पण तुमच्या गोळीचं ऐका. १९४५ च्या औषध नियमावलीतला ६५ वा नियम सांगतो की चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. 'पुन्हा द्यावे' असं डॉक्टरांनी लिहिलं असेल तरच परत, तेही लिहिलंय तितक्याच वेळा. दिल्यावर चिठ्ठीवर दुकानाचं नाव आणि तारीख टाकायची. उद्या औषध निरीक्षक आला तर परवाना माझा जाणार, तुमचे वडील साक्षीला येणार नाहीत.

मंगळवारपेठी
लई नियम सांगू नका भावा. निम्म्या मेडिकलात फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर आणि बारावीचं पोरगं काउंटरवर. ओळखीच्याला सगळं मिळतंय, नियम फक्त अनोळखी माणसाला.

काउंटरमागचा
तेच तर म्हणतोय. तुम्ही त्या पोराच्या हातात अजून एक अधिकार द्यायला निघालाय.

उपनगरातला डॉक्टर
'चालू गोळी' म्हणजे निर्धोक गोळी, हा समज आधी सोडा. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि पोटॅशियम मधूनमधून बघावं लागतं. लघवीची गोळी चालू असलेल्या आजीचं रक्तातलं सोडियम उतरतं, आजी असंबद्ध बोलायला लागते आणि घरचे म्हणतात वय झालं. संधिवाताची मेथोट्रेक्झेट आठवड्यातनं एकदा घ्यायची असते. ती कुणी रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. एकच चिठ्ठी वर्षभर फिरवणारे पेशंट रोज बघतो. महिन्याची मुदत मी पैशासाठी घालत नाही.

पाचगावकर
डॉक्टर, मी वर्ष मागितलं नाही, आठवडा मागितलाय. आठवड्यात सोडियम काय पळून जातंय का? ब्रिटनमध्ये अडचणीत सापडलेल्या पेशंटला फार्मासिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर, खात्री करून, चिठ्ठीशिवाय ३० दिवसांपर्यंतचं नेहमीचं औषध देऊ शकतो. तसा नियम इथं का नको?

उपनगरातला डॉक्टर
तिथं फार्मासिस्ट समोर बसून विचारतो, नोंद ठेवतो. इथं कुणी विचारतंय का, की मागच्या महिन्यात चक्कर आली होती का?

कुरुंदवाडची सून
शहरातल्यांचं भांडण वाचतेय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडं पाणी घरात होतं. सासऱ्यांची फाईल भिजून लगदा झाली, डॉक्टर पाण्यापलीकडं, हायवे बंद. २०२१ ला परत तेच. "चिठ्ठी आणा" म्हणणाऱ्यानं ती कुठनं आणायची ते पण सांगावं. निवारा केंद्रातल्या डॉक्टरला आम्ही "पांढरी बारकी गोळी" एवढंच सांगत होतो. आता घरातल्या प्रत्येकाच्या चिठ्ठीचा आणि गोळीच्या पाकिटाचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये असतो. पाकिटाचा फोटो नावाच्या बाजूनं काढा, चकचकीत बाजू काही कामाची नाही.

शाहूपुरी ३री गल्ली
फोन हा मार्ग कुणी बोललाच नाही. मार्च २०२० मध्ये टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचाराच्या, सरकारी मार्गदर्शक सूचना आल्या. गेल्या ६ महिन्यांत त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला डॉक्टर फोनवर बोलून तेच औषध पुन्हा लिहून देऊ शकतात, सही करून चिठ्ठीचा फोटो पाठवू शकतात. ऑनलाइन डॉक्टरला दाखवायला सरकारचं ई-संजीवनी आहे, ते फुकट. डॉक्टर परगावी आहेत म्हणजे फोनच्या बाहेर नाहीत ना?

मंगळवारपेठी
फोन उचलतंय कोण? रिसेप्शनवरची पोरगी म्हणते, "सर बिझी आहेत, नंबर लावा."

उपनगरातला डॉक्टर
आणि उचलला की पेशंट म्हणतो, "फोनवरच तर बोललो, फी कसली?" सूचनांमध्ये फी घ्यायला परवानगी आहे. पण रविवारी रात्री व्हॉट्सॲपवर 'सर गोळी संपली' एवढाच मेसेज, नाव नाही, वय नाही, यावर मी सही करणार नाही.

काउंटरमागचा
मला फोटोतली चिठ्ठी चालते. डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, तारीख आणि पेशंटचं नाव दिसलं पाहिजे. आणि डॉक्टर, खरं सांगू? स्थिर पेशंटच्या चिठ्ठीवर 'दोन वेळा पुन्हा द्यावे' एवढं लिहायला तुमचं काय जातंय? नियमात सोय आहे. माझ्याकडं येणाऱ्या चिठ्ठ्यांवर तसं लिहिलेलं मला जवळपास दिसतच नाही.

उपनगरातला डॉक्टर
थायरॉइडवाल्यांना लिहीन. हृदयाच्या पेशंटना सरसकट नाही.

गंगावेशची ताई
आईची अल्प्राझोलम, ती घबराटीवरची गोळी, पण तशी मिळेल का?

काउंटरमागचा
नाही ताई. ती शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे. वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टर आणि पेशंटचं नाव, रजिस्टर ३ वर्षं जपायचं. जुन्या चिठ्ठीवर एक गोळी पण देणार नाही.

उपनगरातला डॉक्टर
पण ताई, बरेच दिवस रोज घेत असतील तर स्वतःहून एकदम बंदही करू नका, झटके येऊ शकतात. आजच फोन करा, डॉक्टर नाही भेटले तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीत आईला घेऊन जा, सोबत रिकामं पाकीट न्या.

पाचगावकर
बघा, अल्प्राझोलम तोडली तरी धोका, मेटोप्रोलॉल तोडली तरी धोका, आणि दोन्ही वेळा धावायचं पेशंटच्या घरच्यानं. सोमवारी डॉक्टरांच्या असिस्टंटला फोन लावतो, 'पुन्हा द्यावे' लिहून मागतो. नाही म्हणाले तर कारण विचारणार, आणि ते इथं येऊन लिहिणार.